मोबाईलचा कॅमेरा, पोलिसांची लाठी आणि सीसीटीव्हीची चावी

चकलांबा परिसरातील वाड्या-वस्त्यांवर काम करताना आम्हाला तरुणांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. पोलीस कुणाला मारत असतील तर मोबाईल काढायचा की नाही? विचारणारा बहुतेक वेळा विशी-बाविशीतला असतो, पोलीस भरतीची तयारी करत असतो, आणि "केस लागली तर भरती गेली" ही भीती त्याच्या प्रश्नातच दडलेली असते. गेवराई तालुक्यात चकलांब्याला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे, त्यामुळे भांडण, बांधाची तक्रार, उसतोड मुकादमाच्या उचलीचा वाद, सगळे शेवटी त्याच दारात जाते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नीट माहीत असणे आमच्या लोकांच्या रोजच्या कामाचे आहे.

कायद्याचे उत्तर आधी सांगतो, कारण ते आपल्या शेजारूनच आले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी इथे दोन भाऊ घरच्यांवर झालेल्या हल्ल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. तक्रारीची हवी तशी दखल घेतली जात नाही असे वाटल्यावर त्यांनी ठाण्यातले संभाषण मोबाईलमध्ये रेकॉर्ड केले. त्यावर जुलै २०२२ मध्ये त्यांच्यावरच गुन्हा नोंदला गेला आणि त्यात चक्क शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ लावण्यात आला. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला हा कायदा. शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती चोरणे, निषिद्ध जागेत शिरून नकाशे काढणे, असल्या गोष्टींसाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की पोलीस ठाणे या कायद्यातील 'निषिद्ध जागे'च्या व्याख्येत बसत नाही, आणि या कायद्यापुरता गुन्हा रद्द केला. बाकीच्या कलमांचा प्रश्न मात्र खालच्या न्यायालयासाठी मोकळा ठेवला. त्याआधी जुलै २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने वर्धा येथील एका नागरिकाच्या प्रकरणात हेच सांगितले होते. त्यानेही पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर हाच कायदा लावला गेला होता.

म्हणजे पोलीस ठाण्यात मोबाईल काढणारा माणूस हेर ठरत नाही. हे सांगायला आपल्याला दोनदा उच्च न्यायालयात जावे लागले, ही गोष्ट वेगळी.

रस्त्यावरचे उत्तर त्याहून सोपे आहे. सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचे चित्रण करू नये असा कोणताही सर्वसाधारण कायदा देशात नाही. संविधानाच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात माहिती मिळवणे आणि ती पोहोचवणे हेही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. "पोलिसांचे चित्रण करण्याचा हक्क" असे नाव दिलेले कलम मात्र कुठेही नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकेत तिथल्या संघीय अपील न्यायालयांनी तो हक्क थेट नाव घेऊन मान्य केला आहे. आपल्याकडे तो संविधानातून वाचून काढावा लागतो. आणि जो हक्क वाचून काढावा लागतो, तो रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला रात्री दहा वाजता समजावून सांगता येत नाही.

प्रत्यक्षात पोलिसांच्या हातात दोन कलमे असतात. भारतीय न्याय संहितेचे कलम २२१, म्हणजे शासकीय कामात अडथळा, आणि कलम १३२, म्हणजे लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर, पूर्वीचे प्रसिद्ध ३५३. दुसरे अजामीनपात्र आहे. आमच्या माहितीतल्या बहुतेक तरुणांना '३५३' हा आकडा पाठ आहे, संविधानाचे कलम १९ पाठ नाही. ही आमच्या प्रबोधनाची उणीव म्हणा किंवा अनुभवाचे शहाणपण म्हणा. काम बघणे आणि काम अडवणे यात फरक आहे, आणि तो फरक अंतराचा आहे. चार-पाच पावले मागे उभे राहून, न ओरडता, पोलिसांच्या अंगाला वा वाहनाला हात न लावता केलेले चित्रण हा अडथळा नव्हे. पोलिसाच्या तोंडासमोर मोबाईल धरून "साहेब, नाव सांगा" असे म्हणत पुढे सरकणे, यात हक्क कितीही खरा असला तरी आपण समोरच्याला कलम १३२ची फिर्याद लिहायला जागा करून देतो.

येथपर्यंत गोष्ट कायद्याची झाली. पण समाजशास्त्र शिकलेल्या आणि वस्तीत राबणाऱ्या आम्हा लोकांना खरा प्रश्न पुढचा वाटतो. व्हिडिओ निघाला, सर्वांनी पाहिला, मग काय झाले?

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मराठवाड्यातच दोन घटना घडल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली १ सप्टेंबर २०२३ची. गेवराईहून गोदावरी ओलांडली की शहागड, पुढे वडीगोद्री, आणि तिथून जवळच अंतरवाली सराटी. मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू असलेल्या मंडपाजवळ पोलिसांनी लाठीमार केला. बायका, म्हातारी माणसे यांच्यावर लाठ्या पडतानाचे व्हिडिओ त्याच संध्याकाळी घराघरात पोहोचले. दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले, असे पोलिसांचे म्हणणे होते. तरीही ४ सप्टेंबरला तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासनाच्या वतीने माफी मागितली, आणि जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. चौथ्या दिवशी माफी. ती मिळायलाच हवी होती. लाठी खाणाऱ्याची जात विचारून दुःख मोजणारे आम्ही नव्हे, आणि अंतरवालीच्या आयाबहिणींना न्याय मिळाला तर त्यात आम्हाला समाधानच आहे.

दुसरी घटना परभणीची. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागले, जाळपोळ झाली. त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांत शिरून केलेल्या कारवाईचे व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिले. घरासमोरच्या दुचाकींवर बसणाऱ्या काठ्या पाहिल्या, बायकांना ओढून नेताना पाहिले. त्याच दिवशी सोमनाथ सूर्यवंशी या वडार समाजातील ३५ वर्षांच्या, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाला अटक झाली. सोमनाथ तिथे मोबाईलवर चित्रण करत होते, असे त्यांची बाजू मांडणारे पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे नोंदले गेले.

मग सरकारने काय केले? त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितले की सोमनाथ यांना श्वसनाचा आजार होता आणि सीसीटीव्ही चित्रणात मारहाण दिसत नाही. मदत जाहीर झाली, एका पोलीस निरीक्षकाचे निलंबन झाले, न्यायालयीन चौकशीची घोषणा झाली. गुन्हा मात्र दाखल झाला नाही. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका ठेवला गेला, तरी गुन्हा नाही. सोमनाथ यांच्या आई विजयाबाई उच्च न्यायालयात गेल्या, अॅड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली, आणि ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी ते अपील फेटाळले गेले, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये गुन्हा नोंदला गेला. तपास पूर्ण होणे, आरोपपत्र, शिक्षा या पुढच्या गोष्टी. नुसत्या एफआयआरसाठी साडेसात महिने आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय.

एकीकडे चौथ्या दिवशी माफी, दुसरीकडे साडेसात महिन्यांनी एफआयआर. दोन्ही ठिकाणी मोबाईल होते, दोन्ही ठिकाणी व्हिडिओ होते. दोन्ही घटना सर्वार्थाने सारख्या नाहीत हे आम्हाला कळते. परभणीत आधी जाळपोळ झाली होती, अंतरवालीत निवडणुकीच्या तोंडावर एक मोठा समाज रस्त्यावर होता. पण हाच तर मुद्दा आहे. व्हिडिओचे वजन तो पाहणाऱ्या सत्तेला कोणाची किती भीती वाटते यावर ठरते. एकाच लाठीचे चित्र एका ठिकाणी अत्याचार म्हणून वाचले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी कायदा-सुव्यवस्था म्हणून.

आमच्या समाजाला हे नवे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, अशी पोलिसांची कहाणी होती. ती गुंडेवार आयोगासमोर टिकली नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि काही दिवसांतच उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. तेव्हा हातात मोबाईल नव्हते. आता आहेत, आणि तरीही पोलिसांच्या पहिल्या कहाणीलाच अधिकृत सत्याचा मान मिळतो. ती खोडून काढण्याचा बोजा मेलेल्याच्या आईवर पडतो.

पोलिसांची ही पहिली कहाणी म्हणजे केवळ आपल्याच देशाची गोष्ट नाही. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पोलिसांचे पहिले निवेदन म्हणत होते, पोलिसांशी संपर्क आला असताना 'वैद्यकीय कारणाने' एकाचा मृत्यू. १७ वर्षांच्या एका मुलीने तो सगळा प्रकार न थांबता चित्रित केला होता, म्हणून ते निवेदन दुसऱ्या दिवशी कोलमडले. 'वैद्यकीय कारण' आणि 'श्वसनाचा आजार', शब्दांचे हे नाते पाहण्यासारखे आहे. त्या मुलीच्या चित्रणातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे दुर्लक्षित राहते. ते सलग होते. त्यात कुठे काटछाट नव्हती, गाणे घातलेले नव्हते, वर कुणाचे नाव-निळा झेंडा चिकटवलेला नव्हता.

आता कॅमेऱ्याची दुसरी बाजू. रस्त्यावरचा कॅमेरा आपल्या हातात असतो, पण खरी मारहाण बहुधा रस्त्यावर होत नाही. ती दाराच्या आत होते. तिथला कॅमेरा पोलिसांच्या ताब्यात असतो. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची जागा, ठाण्याचा मागचा भाग, सगळीकडे. रात्रीही दिसेल असे, आणि नुसते चित्र नव्हे तर आवाजही टिपणारे कॅमेरे. चित्रण १८ महिने जपायचे, तशी सोय नसेल तर किमान वर्षभर. कॅमेरा बंद पडला तर त्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. देखरेखीसाठी जिल्ह्याला एक समिती. हा आदेश वाचला की वाटते, आता काय राहिले? राहिले ते हे, की २०२५ मध्ये राजस्थानात आठ महिन्यांत ११ कोठडी मृत्यू झाल्याची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयालाच पुन्हा स्वतःहून या विषयाची दखल घ्यावी लागली.

तमिळनाडूतील सातानकुलम येथे जून २०२० मध्ये बाप-लेकाचा कोठडीतील मारहाणीने मृत्यू झाला. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळले की ठाण्यातल्या सीसीटीव्हीच्या हार्ड डिस्कमध्ये भरपूर जागा होती, पण चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसले जाईल अशी मांडणी करून ठेवली होती. कॅमेरा होता, चालू होता, आणि काहीच शिल्लक नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की चित्रणाचा हक्क म्हणजे केवळ आपला मोबाईल वर धरण्याचा हक्क असे समजून आपण अर्धीच लढाई लढतो. सरकारच्या ताब्यातले चित्रण मागण्याचा, ते जपून ठेवायला लावण्याचा आणि ते कुणाला पाहायला मिळेल हे विचारण्याचा हक्क हा त्याचाच दुसरा भाग आहे. "सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही" असे सभागृहात सांगता येते, कारण ते चित्रण सांगणाऱ्याकडे असते आणि ऐकणाऱ्याकडे नसते.

नव्या कायद्यांनी काही दारे उघडली आहेत, त्यांचा वापर आमच्याकडे अजून जवळजवळ होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार घराची झडती आणि जप्ती यांचे ध्वनी-चित्रमुद्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. मग उद्या एखाद्या वस्तीत पोलीस घराघरात शिरले, कपाटे उघडली, गाड्या उचलून नेल्या, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तुमचे चित्रण कुठे आहे? अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५क(१०) नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रमुद्रण झाले पाहिजे. किती फिर्यादींना हे ठाऊक आहे? कॅमेरा मागण्याचा अधिकार संसदेने अत्याचारग्रस्तांना दिला, आणि तो न मागितल्याने पडून आहे.

मोबाईल पोलिसांनी हिसकावून घेतला तर काय, हा नेहमीचा प्रश्न. तपासासाठी वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पण जप्ती म्हणजे पंचनामा, नोंद आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. खिशात टाकणे ही जप्ती नव्हे. तिथल्या तिथे झटापट करू नये. वेळ, ठिकाण, पाहणारे लोक लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे.

व्हिडिओ न्यायालयात टिकतो की नाही, हेही शेवटी साध्या काळजीवर ठरते. यातला देशभर दाखला दिला जाणारा निकाल आपल्या मराठवाड्यातला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ मधील निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला गेला का, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा होता. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की ज्या यंत्रावर मूळ चित्रण झाले ते यंत्रच मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केले तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत दिली तर मात्र प्रमाणपत्र लागतेच. आता हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा.

याचा वस्तीतल्या भाषेत अर्थ असा. ज्या मोबाईलवर व्हिडिओ काढला तो विकू नका, फॉरमॅट मारू नका, मूळ फाईलला हात लावू नका. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ हा मूळ नव्हे. पाठवताना तो दाबला जातो, त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून पडते. परभणीचे कितीतरी व्हिडिओ आम्हाला दहा-दहा ग्रुपमधून आले, मूळ कुणी काढला हे मात्र पाठवणाऱ्या एकालाही सांगता आले नाही. हजारो लोकांनी पाहिलेला व्हिडिओ साक्षीदाराशिवाय अनाथ असतो. मूळ फाईल दोन ठिकाणी जपावी, त्यातली एक वकिलाकडे.

आणि सगळेच टाकायचे नसते. मारहाण झालेल्या बाईचा फाटलेला पदर, लहान मुलाचा चेहरा, अत्याचार झालेल्या मुलीची ओळख पटेल असे काहीही प्रसारित करणे चूक आहे, काही प्रसंगी तो गुन्हाही आहे. बंद-मोर्चातल्या आपल्याच पोरांचे चेहरे आपण लाईव्ह दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच व्हिडिओवरून पोलीस यादी तयार करतात, हेही डोळ्याआड करून चालणार नाही. लाईक मोजणारे आणि कोर्टाच्या तारखा मोजणारे सहसा वेगळे असतात.

पोलिसांत आपली माणसे नाहीत का? आहेत. १९२८ मध्ये सायमन आयोगासमोर बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे मागणे मांडले, त्यात सैन्य आणि पोलीस दलात भरती होण्याचा हक्कही होता. आज ती वर्दी अंगावर असलेली आमची कितीतरी मुले-मुली आहेत, आणि चकलांब्याच्या रस्त्यावर पहाटे धावणारी पोरे त्याच रांगेत आहेत. कायद्याने वागणाऱ्या शिपायाला कॅमेऱ्याचे भय नसते. खोटा आरोप झाला तर तोच कॅमेरा त्याला वाचवतो. अंगावरचे कॅमेरे आणि ठाण्यातले सीसीटीव्ही नीट चालावेत ही मागणी म्हणून पोलीस कुटुंबांचीही असायला हरकत नाही.

तूर्त प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे असे आम्ही सुचवतो. आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात किती कॅमेरे आहेत, त्यांतले किती चालू आहेत, आवाज टिपतात का, चित्रण किती दिवस राहते आणि जिल्हा देखरेख समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला ३० दिवस. आणि कुणालाही ठाण्यात मारहाण झाल्याची तक्रार आली तर वैद्यकीय तपासणीच्या मागणीसोबत त्या तारखेचे, त्या वेळेचे चित्रण जपून ठेवावे असा लेखी अर्ज ठाणे प्रमुख, पोलीस अधीक्षक आणि न्यायदंडाधिकारी यांना त्याच दिवशी द्यावा, पोच घ्यावी. आठवड्याने दिलेल्या अर्जाला "चित्रण आपोआप पुसले गेले" हे उत्तर तयार असते.